खटक्यापाशी कोणी नव्हतं

मला त्या दिवशी एवढंच काम होतं, की वाशीमला जायचं, उदयसिंगाला जीपमध्ये बसवायचं आणि जिनिंगवर आणून सोडायचं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही मघापासून विचारताय, 'काका, तुम्ही कधी भूत पाहिलं का?' नाही पाहिलं. जे झालं ते उदयसिंगासोबत झालं, मी गेटवर शेकोटीपाशी बसलो होतो. पण जेवढं माझ्या कानानं ऐकलं आणि जेवढं त्यानं मागाहून सांगितलं, तेवढं सांगतो. देवला, तो मोबाइल उपडा ठेव. लाइट येईल तेव्हा येईल.

सव्वीस जानेवारीची रात्र होती. साल एकोणऐंशी, वार शुक्रवार. तेव्हा आपला जिल्हा अकोला. केनवडच्या अलीकडे कस्तुरचंद शेठचं कापसाची सरकी काढायचं जिनिंग होतं आणि मी तिथं स्टोअरकीपर होतो. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या, आणि त्याचा मला तेव्हा फार रुबाब होता.

शेठचा मुलगा कैलासचंद भारी हौशी. मुंबईच्या एका कापड गिरणीत जुना झालेला परदेशी कॉम्प्युटर त्यानं लिलावात घेतला आणि ट्रकात घालून आणला. गाड्यांचं वजन, कापसाची प्रत, सगळं हेच ठेवील म्हणाला. दोन लोखंडी कपाटं आणि टेबलावर काचेचा पडदा, असं ते यंत्र होतं. आपल्याकडं तेव्हा टीव्हीसुद्धा कुणी पाहिला नव्हता. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायची, आणि कापूस घेऊन आलेला शेतकरी आधी पडदा पाहायचा, मग काट्यावर जायचा. रिठदची एक म्हातारी तर पडद्याला हात जोडून गेली होती.

पण यंत्र म्हातारं. जरा चाललं की पडदा काळा. मुंबईहून माणूस बोलवायचा तर कापसाचा हंगाम निघून जायचा. तेव्हा उदयसिंग आणि प्रेमचंद कामी आले.

उदयसिंग राठोड आमच्याच तांड्याचा, आसेगावकडचा. फौजेत सिग्नलमध्ये होता, रडारचे पडदे दुरुस्त करायचा. पेन्शन घेऊन आला आणि वाशीमच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. प्रेमचंद त्याचा भागीदार. तो जैन, घरचं कापडाचं दुकान होतं. बाप म्हणायचा गज हातात धर, आणि याला कथिलाचा डाग देतानाच्या धुराशिवाय करमत नसे. दिवस मावळल्यावर हा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. म्हणून ऊन उतरायला लागलं की उदयसिंगच त्याच्या मागं लागायचा, "जा बाप्पा, जेवून ये, नाईतर वहिनी मले बोलन." दोघांचं असं होतं.

आता नीट ऐका, हे कळलं पाहिजे. त्या पडद्याच्या मागं काचेची मोठी ट्यूब असते आणि तिच्यात सोळा हजार व्होल्ट. यंत्र बंद केलं तरी ट्यूब तो करंट धरून बसते. म्हणून आधी खटका, म्हणजे मेन स्विच, पाडायचा. मग पेचकसाला तार बांधून ती ट्यूबच्या रबरी टोपीखाली घालायची. चट्ट करून ठिणगी पडते आणि ट्यूब रिकामी होते. मग हात घालायचा. एवढं सगळेच मेकॅनिक करतात.

या दोघांची मात्र वर एक रीत होती, उदयसिंगानं फौजेतून आणलेली. एक जण यंत्रापाशी बसणार, दुसरा खटक्यापाशी उभा राहणार. यंत्रापासचा विचारणार, "बंद?" खटक्यापासचा दांडी खाली ओढणार आणि सांगणार, "बंद." मग पहिला म्हणणार, "हात घालून राह्यलो." दुसरा म्हणणार, "घाल." हे चार बोल झाल्याशिवाय हात आत जायचा नाही. सेलवरच्या ट्रान्झिस्टरलासुद्धा हेच. गिऱ्हाईकं हसायची. टेस्टर दोघांच्याही खिशाला असायचा, पण तो लावायचे नाहीत. प्रेमचंद म्हणायचा, "टेस्टर बिघडते. उदय बिघडत नाई."

जिनिंगवर कॉम्प्युटरची खोली आत होती आणि खटका बाहेर व्हरांड्यात. लोखंडी पेटी, बाजूला दांडी. दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत, फक्त आवाज यायचा.

दिवाळी झाली, हंगाम लागला, आणि प्रेमचंद गेला. भरदुपारी गेला. तो आत होता, उदयसिंग खटक्यापाशी, मी बाजूच्या स्टोअरमध्ये. चारही बोल मी ऐकले. "घाल" ऐकलं, आणि लगेच आत काहीतरी पडलं. आम्ही सगळे धावलो. रूपला चौकीदार, कैलासचंद, मी, सगळ्यांचे हात त्या दांडीला लागले. कुणी वर केली, कुणी खाली ओढली, काही ध्यानात नाही. प्रेमचंद टेबलाखाली पडला होता. डोळे उघडे होते.

डॉक्टर म्हणाला, शॉक. आधी लोक म्हणाले, ट्यूबचा शॉक. मग बाजारात दुसरंच बोलणं सुरू झालं. उदयसिंगानं दांडी ओढलीच नव्हती, नुसतं तोंडानं बंद म्हणाला.

हे खोटं आहे, असं उदयसिंगाला म्हणता येईना. गाडी तिथंच अडली. मला एकदा म्हणाला, "सेवा, बंद म्हनलेलं आठवते मले. दांडी आठवत नाई. इतक्या खेपा म्हनलं लेका, का आता तोंड आपल्या मनानं बोलते. हातानं ओढली का नाई, किती आठवलं तरी आठवत नाई."

प्रेमचंदाची बायको तारामती. भेटायला आलेले लोक उठून गेल्यावर तिनं त्याला एकच विचारलं. मी सोबत होतो. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "उदयभाऊ, तुमी खटका पाडला होता ना?"

उदयसिंग उभा होता. हो म्हणाला असता तर तिला खरं वाटलं असतं, तिला तेच ऐकायचं होतं. पण खोटं बोलणं त्याला जमलं नाही, आणि खरं काय ते त्याला ठाऊक नव्हतं. ती थांबली… बराच वेळ थांबली. मग आत गेली. त्यानंतर त्या घरून त्याला कधी बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून हा माणूस बधीर झाला. रडला नाही, दारू प्यायला नाही, भांडला नाही. दुकान उघडायचा, बसायचा, रेडिओ दुरुस्त करून द्यायचा. हिरीबाई, त्याची बायको, मला म्हणायची, "भाजीत मीठ नसलं तरी जेवते. त्या दिवशी जळतं भांडं हातानं उतरवलं अन् हात तसाच ठेवला. म्या भांडं हिसकून घेतलं तवा समजलं त्याले."

तर त्या शुक्रवारी दुपारी कैलासचंदानं मला बोलावलं. नागपूरचे कुणी लोक कॉम्प्युटर विकत घ्यायला शनिवारी सकाळी येणार होते. प्रेमचंद गेल्यापासून पडदा काळाच होता, यंत्राला कुणी हात लावला नव्हता. कैलासचंद म्हणाला, "पडदा लागला तर घेऊन जातील ते. जाऊ दे ना बाप्पा एकदाचं. मले त्या खोलीकडं पाह्यवत नाई. उदयसिंगाले विचारून पाय. नाई म्हनला तर जोर नको करू."

जीप दुसऱ्या कामाला गेली होती ती उशिरा आली. मी वाशीमला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सकाळच्या झेंडावंदनाची पताका रस्त्यावर अजून लोंबत होती. उदयसिंग दुकानाचं दार लावतच होता. मी सांगितलं. मला वाटलं नाही म्हणेल. त्यानं पेचकस, तार, कथिल पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "चाल."

घरावरून गेलो. हिरीबाई दारात आली. "त्या मशीनीपाशी काहून जाता?" तिनं विचारलं.

"ते उद्या जाऊन राह्यलं. गेलं का मंग मले कधीच समजनार नाई."

"काय समजनार नाई?"

"हात काय करते ते. तिथी उभा राह्यलो तर हाताले आठवन कदाचित."

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सेवालाल, ह्या मानसाले आता जिवाचं काई वाटत नाई. तू लक्ष ठेवशीन. वापस आनशीन त्याले." मी हो म्हणालो. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो.

रस्त्यानं मीच उगाच तुरीचं बोललो, थंडीचं बोललो. सुट्टीमुळं जिनिंग बंद होतं. हंगामात ती जागा रात्रंदिवस धडधडत असायची, त्या रात्री मात्र स्वतःच्या चपलेचा आवाज येत होता. गेटवर रूपला एकटा शेकोटी करून बसला होता. गेटाला लागूनच मीटरची खोली. तिला कुलूप, किल्ली माझ्याकडं.

मी कॉम्प्युटरची खोली उघडून दिली आणि व्हरांड्यात खटक्यापाशी जाऊन उभा राहिलो. रीत मला ठाऊक होती. कुणीतरी तिथं लागतंच. उदयसिंग पिशवी ठेवून बाहेर आला. "तू नको," म्हणाला.

"कोनीतरी पायजे ना, दादा."

"खटक्यापाशी कोनी नको. तू गेटावर जाय."

"हिरीभौजीनं मले…"

"सेवा." त्याचा आवाज चढला नाही. "माह्या हातानं पाडतो, माह्या हातानं उचलतो. मले पाह्यचं हाय. जाय तू."

मी गेलो. आता वाटतं जायला नको होतं, पण तुम्ही उदयसिंगाला पाहिलं नाही. त्या माणसाला दुसऱ्यांदा काही सांगता येत नसे.

इथून पुढचं दोन ठिकाणचं आहे. गेटावरचं मी ऐकलेलं, आणि आतलं त्यानं सांगितलेलं.

आत त्यानं खटका वर केला. यंत्र सुरू झालं, पंखा फिरला, पडदा काळाच. मागची पाटी काढून त्यानं चालू यंत्र लांबूनच पाहिलं. ट्यूबची रबरी टोपी चिरली होती आणि तिथून करंट बाहेर निळा निळा झिरपत होता. काम मोठं नव्हतं. टोपी बदलायची, डाग द्यायचा. तो व्हरांड्यात आला आणि स्वतःच्या हातानं खटका पाडला. दांडी खाली आलेली डोळ्यांनी पाहिली. पंखा थांबला. खोलीतला दिवा दुसऱ्या लाइनीवर होता, तो चालू राहिला. दांडी सोडून तो तसाच उभा राहिला. हाताला काही आठवतं का पाहत होता. काही आठवलं नाही.

मग आत जाऊन बसला. तार लावली, ठिणगी काढली. सगळं बरोबर केलं. आता फक्त हात घालायचा.

हात जाईना.

इतक्या वर्षांची सवय. बोल झाल्याशिवाय हात उचलतच नव्हता. खटका त्यानं स्वतः पाडला होता, तरीसुद्धा. शेवटी त्यानं विचारलं, "बंद?"

हे आम्ही गेटावर ऐकलं. रूपलानं माझ्याकडं पाहिलं. "कोनाले विचारून राह्यला?"

मी शेकोटीतली काटकी आत सारली.

थोड्या वेळानं पुन्हा, "बंद?"

कुणी उत्तर देईना. देणार कोण… शेकोटीत एक तुराटी तडकली. बाकी काही नाही.

तिसऱ्यांदा तो ओरडला नाही. हळू म्हणाला, पण तेवढ्या शांततेत आमच्यापर्यंत आलं. "प्रेम… बंद?"

आणि त्यानंतर तो गप्प झाला.

आम्हाला वाटलं, संपलं, घातला असेल हात. पण आत वेगळंच झालं होतं. त्याला उत्तर आलं होतं. व्हरांड्यातून, खटक्याच्या जागेवरून. प्रेमचंदाचा आवाज. रोजचा, साधा, थोडा घसा बसल्यासारखा. पण शब्द रोजचा नव्हता.

"नाई."

उदयसिंगाचा हात अर्ध्यात होता. तसाच राहिला.

"थांब," आवाज म्हणाला.

त्या चार बोलांत "थांब" कधीच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही… तो वळला नाही. भीती वाटली का, मी विचारलं त्याला. म्हणाला, नाही. काहीच वाटलं नाही. थांब म्हणाला म्हणून थांबलो. हात हवेत धरून तो बसून राहिला. दिव्याच्या उजेडात स्वतःची बोटं पाहत.

इकडं गेटावर…

मी शेकोटीकडं तोंड करून बसलो होतो. पाठ मीटरच्या खोलीकडं. थंडीनं पाठ गार पडली होती, म्हणून भिंतीला टेकलो. आणि भिंतीच्या आत…

खट्ट.

हळूच. चिनी मातीचं काही कुणी अलगद ओढून काढावं तसं.

रूपला म्हणाला, "उंदीर असन."

मी मान हलवली. कमरेच्या किल्ल्या हातात धरल्या. मोजायची गरज नव्हती. ती किल्ली तिथंच होती.

मग पुन्हा. खट्ट.

रूपला मीटरच्या दाराकडं पाहत राहिला. शेकोटीवर लाकूडही टाकलं नाही त्यानं. आम्ही दोघं बसून राहिलो. उठावं असं वाटत होतं. उठलं कुणी नाही. दारावर कुलूप दिसत होतं. लागलेलं…

मग आतून, लांबून, उदयसिंगाचा आवाज. "हात घालून राह्यलो."

आम्हाला त्याच्या आधीचं काही ऐकू आलं नव्हतं. त्याच्या नंतरचंही नाही. त्याला आलं होतं. आधी "बंद." आणि नंतर "घाल."

त्यानं हात घातला.

बराच वेळ गेला. मला हिरीबाईचं तोंड दिसत होतं सारखं. मी मनाशी धरूनच चाललो होतो, की आत गेलो तर तो प्रेमचंदासारखाच पडलेला दिसणार. जायची हिंमत होत नव्हती. आणि मग व्हरांड्यात पावलं वाजली आणि उदयसिंग बाहेर आला. हात पुसत होता.

"टोपी बदलली," म्हणाला. "खटका वर केला, पन मशीन सुरू नाई होऊन राह्यली. इकडून लाइन गेली का?"

गेटावरचा दिवा जळत होता. व्हरांड्यातला जळत होता. मी बॅटरी घेतली आणि मीटरच्या खोलीचं कुलूप काढलं. कुलूप घट्ट होतं, किल्ली दोनदा फिरवावी लागली. आत बोर्डावर बाकीचे सगळे चिनी मातीचे फ्यूज जागेवर होते. कॉम्प्युटरच्या लाइनीचे दोन तेवढे नव्हते. बॅटरी फिरवली. भिंतीतल्या कोनाड्यात ते दोन्ही शेजारी शेजारी उभे ठेवलेले होते. आतली तार शाबूत. जळाले नव्हते, पडले नव्हते. कुणी तरी काढून ठेवले होते.

रूपला दारातूनच मागं फिरला. उदयसिंग मात्र त्या फ्यूजांकडं पाहत राहिला. मग त्यानं मला विचारलं, "आवाज आला होता का इथी? कवा?" मी सांगितलं, तू तिसऱ्यांदा विचारलं त्याच्या नंतर. तेव्हा त्यानं मला आतलं सगळं सांगितलं. एका सुरात, किराणा सामान सांगावं तसं. आणि शेवटी म्हणाला, "खटका तर म्या पाडला होता. मंग तो नाई काहून म्हनला?"

हे विचारलं आणि त्याचं त्यालाच काही सुचलं. त्यानं फ्यूज परत बसवले. आम्ही व्हरांड्यात गेलो. त्यानं दांडी खाली ओढली, माझ्यासमोर, पूर्ण खाली. आत जाऊन खिशातला टेस्टर काढला आणि यंत्राच्या आतल्या पत्र्याला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

टेस्टर पेटला.

पंखा बंद. पडदा काळा. दांडी खाली. आणि पत्र्यात करंट.

बोर्डावरचे ते फ्यूज पुन्हा काढून त्यानं खटक्याची लोखंडी पेटी उघडली. आत तांब्याच्या दोन पट्ट्या असतात, दांडीला जोडलेल्या. दांडी ओढली की दोन्ही निघायला पाहिजेत. त्यातल्या एकीचा जोड तुटलेला होता. दांडी खाली यायची, एक पट्टी निघायची, दुसरी जागेवरच राहायची. यंत्र बंद पडायचं, पण करंटची तार तुटत नव्हती, आणि त्या जुन्या यंत्राचा आतला पत्रा त्याच तारेला जोडलेला होता. सोळा हजार व्होल्टला भिऊन हे दोघं इतकी वर्षं जपले, आणि घरातल्या बटनाच्या करंटानं प्रेमचंद गेला. टेस्टर लावला असता तर दिसलं असतं. पण एकमेकांचा शब्द असल्यावर टेस्टर कोण लावतो.

उदयसिंग तुटलेल्या जोडावर बोट ठेवून उभा राहिला. "काळा पडला हाय," म्हणाला. "जुनं तुटलेलं हाय हे. तवाचंच."

मग खाली बसला आणि रडला. आवाज न करता, फार वेळ. मी त्याच्या शेजारी बसलो. मला बरं वाटलं, खरं सांगतो. तो रडतोय याचं मला बरं वाटलं.

उजाडता उजाडता तो मला म्हणाला, आधी तारामतीवहिनीकडं जीप घे. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात उभी होती, सूर्य वर यायची वाट पाहत. त्याशिवाय जैन लोक पाणी घेत नाहीत. उदयसिंग फाटकाबाहेरच थांबला.

"वहिनी, तुमी इचारलं होतं. म्या खटका पाडला होता. खटका मोडका होता, मले ठाऊक नव्हतं. पन पाडला होता."

मग त्यानं रात्रीचंही सांगितलं. आवाज, थांब म्हणाला ते, फ्यूज. काही लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडेल, किंवा हात जोडेल. तिनं विचारलं, "आवाज कसा होता त्यायचा? त्रास असल्यावानी?"

"नाई. नेहमीसारखा."

"घसा बसलेला?"

"हाव. थोडा."

ती खाली पाहत होती. "मी रोज वाट पाह्यते," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून निजते. सासरे रागावतात. एकदा फक्त हाक मारावी त्यायनं म्हनते… ते तुमच्यापाशी आले, उदयभाऊ. माह्यापाशी नाई आले."

उदयसिंग मान खाली घालून उभा राहिला. ऊन भिंतीवर आलं. ती आत गेली, आणि मला वाटलं झालं, पहिल्यासारखंच झालं. पण ती दोन पेले पाणी घेऊन बाहेर आली. एक त्याला दिला, एक स्वतः घेतला. "बसा," म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. पयले बंद कोन म्हनलं, तुमी का ते? सावकाश सांगा." मी त्या दोघांना तिथं सोडून निघालो.

नागपूरचे लोक आले, यंत्र घेऊन गेले. उदयसिंग त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. टेस्टर लावायचा आणि तरी विचारायचा, बंद? त्याला पुन्हा कधी उत्तर आलं नाही.

एवढंच आहे. आता हसायचं असेल तर हसा. मी जिनिंग बंद पडेपर्यंत तिथं होतो. तुम्हाला ठाऊक आहे, जिनिंगमध्ये रुईची बारीक धूळ सगळीकडं बसते. छतावर, बोर्डावर, कुलपाच्या भोकात. मीटरच्या त्या खोलीत हंगामात बोटभर थर साचायचा, कोनाड्यातही साचायचा. फक्त कोनाड्यात शेजारी शेजारी दोन जागा उघड्या राहायच्या, फ्यूजाच्या बुडाएवढ्या. पहिल्या वर्षी मला वाटलं वारा लागत असेल. दुसऱ्या वर्षी मी स्वतः मूठभर रुई घेऊन त्या दोन जागांवर दाबून बसवली, कुलूप लावलं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपलो.

सकाळी कुलूप काढलं. रुई कोनाड्यातच होती, एका कडेला सारलेली. दोन्ही जागा उघड्या होत्या. मी हात लावून पाहिला, तर तिथला दगड कोमट होता, आत्ताच कुणी तिथून फ्यूज उचलल्यासारखा.